हरकती-सूचना मागवल्या, उत्तराचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारने एखाद्या विधेयकाचा किंवा नियमांचा मसुदा जाहीर केला, की ‘नागरिकांनी अमुक तारखेपर्यंत हरकती व सूचना पाठवाव्यात’ अशी छोटी चौकट वर्तमानपत्रांत येते. मुदत संपल्यावर आकडा येतो : इतक्या हजार सूचना आल्या. त्यानंतरची बातमी थेट कायदा झाल्याची असते. सूचनांपैकी कोणती मानली, कोणती फेटाळली आणि का, याची बातमी येत नाही, कारण ते कुठे छापलेच जात नाही. सरकारच्या पारदर्शकतेचे आणि लोकसहभागाचे मूल्यमापन करायचे तर आलेल्या सूचनांच्या आकड्यावरून करू नये. मिळालेल्या उत्तरांवरून करावे, एवढेच सांगण्यासाठी हे जरा लांबलेले पत्र.

केंद्राकडे याविषयी लेखी धोरण आहे. १० जानेवारी २०१४ रोजी सचिवांच्या समितीत ते ठरले आणि ५ फेब्रुवारी २०१४ रोजी विधी मंत्रालयाच्या विधायी विभागाने ते सगळ्या मंत्रालयांना पत्राने कळवले. वाचायला घेतले तर नाव ठेवायला फारशी जागा नाही. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. सोबत टिपण द्यायचे : कायदा कशासाठी हवा, त्यातले मुख्य घटक कोणते, साधारण खर्च किती, पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर आणि लोकांच्या उपजीविकेवर परिणाम काय. महत्त्वाच्या कलमांचा अर्थ सोप्या भाषेत सांगायचा. विशिष्ट समूहाला झळ बसणार असेल तर त्याच्यापर्यंत मसुदा पोहोचेल अशी प्रसिद्धी करायची. आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर टाकायचा, मंत्रिमंडळासाठीच्या टिपणात घालायचा आणि विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले तर तिच्यापुढेही ठेवायचा.

अडते ते पुढच्या परिच्छेदात. सल्लामसलत शक्य किंवा इष्ट नाही असे मंत्रालयाला वाटले, तर तशी कारणे मंत्रिमंडळ टिपणात नोंदवून ती वगळता येते. म्हणजे सूट मागणारा आणि देणारा एकच. त्यातून कारण लिहायचे ते अशा कागदावर, जो माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(झ) खाली निर्णय होऊन प्रकरण पूर्ण होईपर्यंत बंद राहतो. कलमाच्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीप्रमाणे, नंतर तो खुला व्हायला हवा, पण तोवर विधेयक दोन्ही सभागृहांतून पार होऊन राष्ट्रपतींची सही झालेली असते. वरातीमागून घोडे. आणि मुळात हे धोरण म्हणजे सचिवांच्या बैठकीतून निघालेले पत्र, कायदा नव्हे. ते मोडले म्हणून विधेयक थांबत नाही, कुणाला शिक्षा होत नाही, कुणाला साधा खुलासाही द्यावा लागत नाही. ५ जून २०२० रोजी तीन कृषी अध्यादेश निघाले, त्यांचे मसुदे आधी ३० दिवस लोकांपुढे ठेवलेले नव्हते. सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. मधल्या वर्षभरात दिल्लीच्या वेशीवर काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे.

‘बाहेर नाही तर संसदेत चर्चा होते ना?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एकच तुलना. पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयके संसदीय समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. समितीपुढे साक्ष देणे हा नागरिकाचा दुसरा दरवाजा होता. तोही बराच लोटला गेला आहे.

आता नियम आणि अधिसूचना. सामान्य माणसाचा संबंध कायद्यापेक्षा यांच्याशी अधिक येतो आणि इथली गंमत वेगळी आहे. सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ नुसार, ‘पूर्वप्रसिद्धीनंतर नियम करावेत’ असे मूळ कायद्यात म्हटले असेल तरच मसुदा आधी छापणे बंधनकारक ठरते. छापल्यावर आलेल्या हरकती ‘विचारात घ्यायच्या’, एवढेच कलम सांगते. विचारात घेतल्या हे दाखवायचे कसे, याबद्दल ते गप्प आहे. म्हणून अंतिम अधिसूचनेच्या सुरुवातीला तेच साचेबंद वाक्य येते : प्राप्त हरकती व सूचना केंद्र सरकारने यथोचित विचारात घेतल्या आहेत. एका वाक्यात हजारो पत्रांचा निकाल.

पर्यावरणाच्या क्षेत्रात नियम त्यामानाने कडक आहेत. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या नियम ५ खाली हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. पण ‘सार्वजनिक हितासाठी’ ही पूर्वसूचना वगळण्याची मुभाही त्याच नियमात आहे. २८ मार्च २०२०, देशभर टाळेबंदी लागून चारच दिवस झालेले. त्या दिवशीच्या अधिसूचनेने रस्ते, पाइपलाइन अशा रेषीय प्रकल्पांसाठी माती काढण्याला पर्यावरण परवानगीतून सूट दिली आणि पूर्वसूचना वगळली. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सूट रद्द केली. लोकांचे म्हणणे न ऐकण्याइतके सार्वजनिक हित कोणते होते, याची कारणेच दिलेली नाहीत, हा त्यातला एक प्रमुख मुद्दा होता. निकाल योग्यच. पण मधली चार वर्षे सूट चालू होती आणि काढलेली माती काही परत जात नाही.

त्याच वर्षीचा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पांचा पर्यावरणावरील परिणाम तपासण्याच्या नियमांचा, मसुदा अनेकांना आठवत असेल. तो राजपत्रात ११ एप्रिल २०२० रोजी आला, फक्त इंग्रजी आणि हिंदीत. हरकतींची मुदत दिल्ली उच्च न्यायालयाने ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतर करायला सांगितले. केंद्राने ते न करता सर्वोच्च न्यायालय गाठले; राजभाषा अधिनियम, १९६३ प्रमाणे हिंदी आणि इंग्रजी पुरेशा आहेत, हा युक्तिवाद. तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी उलट केंद्रालाच त्या कायद्यात दुरुस्ती करण्याचा विचार करावा असे सुचवले होते. आता विरोधाभास बघा. २००६ च्या चालू अधिसूचनेप्रमाणे चंद्रपूर जिल्ह्यात एक खाण किंवा रत्नागिरीत एक कारखाना यायचा असेल, तर अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, स्थानिक भाषेतल्या दैनिकात किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि जनसुनावणीत आलेले मुद्दे तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागतात. एका खाणीसाठी मराठी सक्तीची, आणि देशातल्या सगळ्या खाणींचे नियम ठरवणारा मसुदा मात्र मराठीत नको! माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(४) मध्ये ‘स्थानिक भाषा’ विचारात घेऊन माहिती प्रसारित करावी असे २००५ पासून लिहिलेले आहे, ते वेगळेच.

इथवरचे दोष जुने म्हणता येतील. गेल्या काही वर्षांत एक नवा प्रकार सुरू झाला आहे आणि माझ्या मते तो सर्वांत घातक आहे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयकाचा मसुदा आला. सूचना मागवणाऱ्या जाहीर सूचनेतच म्हटले होते, की आलेली निवेदने मंत्रालय विश्वस्त नात्याने जपेल आणि ती उघड केली जाणार नाहीत. लोकांनी मोकळेपणी लिहावे म्हणून ही काळजी. भाषा मोठी सौजन्याची. पण माहिती अधिकार कायदा हाताळणाऱ्याला ‘विश्वस्त नाते’ हे शब्द लगेच टोचतात, कारण माहिती नाकारण्याची मुभा देणारा कलम ८(१)(ङ) मधला अपवाद नेमका याच शब्दांचा आहे. म्हणजे अर्ज येण्याआधीच नकाराची तयारी. जाहीर आवाहनाला लोकांनी आपणहून दिलेला प्रतिसाद विश्वस्त नात्यात कसा बसतो? रिझर्व्ह बँकेनेही बँकांच्या तपासणी अहवालांबाबत हाच आडोसा घेतला होता आणि डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नव्हता.

त्या मसुद्यावर २१ हजारांहून अधिक सूचना आल्या. कोणत्या कंपनीने काय मागितले, कोणत्या संघटनेने कशाला विरोध केला, हे आजही एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. विधेयक ३ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत आले, ७ तारखेला तिथे, ९ तारखेला राज्यसभेत मंजूर झाले आणि ११ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातल्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) कापून एका ओळीचे केले : वैयक्तिक माहिती असेल तर देऊ नका. सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक हित असेल तर द्या, ही त्या कलमातली अट गेली. ‘जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही’ हे परंतुकही गेले. कलम ८(२) मधली सार्वजनिक हिताची तरतूद राहिली आहे. पण तिथे हित जास्त आहे हे आधी अधिकाऱ्याला पटावे लागते. रस्त्याच्या कंत्राटदाराचे नाव किंवा रेशनच्या लाभार्थ्यांची यादी मागणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवेल. नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी आला, पुन्हा ‘विश्वस्त नात्याने’. ६,९१५ अभिप्राय आले, मुंबईसह सात शहरांत बैठका झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले. आकडा मिळाला, शहरांची यादी मिळाली. कोणता नियम कोणाच्या म्हणण्यावरून बदलला, याचे मुद्देसूद उत्तर नाही.

आणखी दोन चाली थोडक्यात. २ जानेवारी २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत ऑनलाइन गेमिंगसाठी दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. मुदत संपत आली असताना, १७ जानेवारीला, त्याच मसुद्यात सरकारविषयीच्या बातम्यांची सत्यता सरकारी यंत्रणेने ठरवण्याची तरतूद घुसवली गेली आणि मुदत २५ जानेवारीपर्यंत नेली गेली. गेमिंगच्या मसुद्यात वृत्तपत्रांनी डोकावावे तरी कशाला? पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. दुसरी चाल प्रसारण सेवा विधेयकाची : जुलै २०२४ मध्ये सुधारित मसुदा मोजक्याच मंडळींना, प्रत्येक प्रतीवर वेगळी खूण छापून दिला गेला, म्हणजे फुटला तर कोणाकडून फुटला ते कळावे. ऑगस्टमध्ये त्या प्रती परत मागवल्या. सल्लामसलतीचा मसुदा प्रश्नपत्रिकेसारखा सांभाळायची वेळ का यावी?

आपल्याकडे हे जमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही, कारण महाराष्ट्रातच ते वर्षानुवर्षे चालू आहे. महावितरणला वीजदर वाढवून हवे असतात तेव्हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ प्रमाणे तिला अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो. मराठी दैनिकांत सूचना येते, जाहीर सुनावणी होते, आणि आलेल्या सर्व सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा वीजदराचा कोणताही मोठा आदेश उघडून पाहावा. एक अख्खे प्रकरण हरकतींचे असते. विषयवार मांडणी : वीजगळती, शेतीपंपांचा वापर, स्थिर आकार, थकबाकी. प्रत्येक विषयाखाली आधी हरकतदाराचे म्हणणे, त्याखाली महावितरणचे उत्तर, त्याखाली आयोगाचा निष्कर्ष. हरकत फेटाळली असेल तर का, ते तिथेच. यंत्रमागधारक असो की पाणीपुरवठा संस्था, आपला मुद्दा कोणत्या परिच्छेदात आला आणि कशामुळे पडला हे त्याला बोट ठेवून दाखवता येते, आणि त्याच परिच्छेदावर अपीलही करता येते. दर वाढायचे ते वाढतातच, हे खरे. आयोग काही ग्राहकांचा मुखत्यार नव्हे. पण निर्णयाला कारण जोडलेले असते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची पद्धत आणखी एक पाऊल पुढे. सल्लामसलत पत्र काढायचे, आलेली मते नावानिशी संकेतस्थळावर टाकायची, मग त्या मतांवर प्रतिमते मागवायची, खुली चर्चा घ्यायची आणि शेवटी स्पष्टीकरणात्मक टिपणासह विनियम काढायचा. कंपनी काय मागते हे ग्राहक संघटनेला कळते आणि उलटही. यातही घोळ होतात. २०१५ मध्ये इंटरनेट समानतेच्या वादात दहा लाखांवर ई-मेल आले, तेव्हा प्राधिकरणाने ते पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसह जसेच्या तसे टाकले. संस्थांचे नाव छापायचे आणि व्यक्तींचा पत्ता झाकायचा, इतके साधे पथ्य पाळले तर हे टळते. पण त्यावरून सगळीच निवेदने कुलपात घालणे हा इलाज नव्हे. आणि मे २०१६ मध्ये कॉल तुटल्याबद्दलच्या भरपाईचा विनियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने संसदेला सुचवले, की अमेरिकेतील १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याच्या धर्तीवर, सर्वच दुय्यम विधिविधानासाठी, म्हणजे कायद्याखाली होणाऱ्या नियम-विनियमांसाठी, सूचना घेण्याचा आणि त्यांना उत्तर देण्याचा कायदा करावा. ती शिफारस तशीच पडून आहे.

देशोदेशींची सरकारे खुल्या शासनाचे आराखडे करतात आणि त्यांचे त्रयस्थ मूल्यमापन होते, अशी एक आंतरराष्ट्रीय भागीदारी सप्टेंबर २०११ पासून आहे. इंडोनेशिया, फिलिपिन्स संस्थापकांत होते, श्रीलंका २०१५ मध्ये आली. भारत तयारीच्या टप्प्यात होता आणि ऐनवेळी बाहेर पडला. तेव्हा केंद्रात दुसऱ्या पक्षाचे सरकार होते, हेही नोंदवायला हवे. हा आजार एका पक्षाचा नाही. त्या मूल्यमापनाचा पहिला निकष घेण्यासारखा आहे : दिलेले वचन बाहेरच्या माणसाला तपासता येईल असे लिहिले आहे का? ‘जनतेचा सहभाग वाढवू’ हे तपासता येत नाही. ‘मुदत संपल्यापासून ४५ दिवसांत कलमवार तक्ता संकेतस्थळावर टाकू’ हे तपासता येते.

तो तक्ता कसा असावा, यावर फार डोके खाजवायला नको. सहा रकाने : कलम, सूचना एका वाक्यात, ती किती जणांनी केली, मान्य, अंशतः मान्य की अमान्य, कारण, मसुद्यात झालेला बदल. मोहीम चालवून एकाच मजकुराचे पन्नास हजार ई-मेल येतात, ही मंत्रालयांची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय एवढाच, की एकसारखा मजकूर एकदा लिहायचा आणि तिसऱ्या रकान्यात संख्या घालायची. पन्नास हजारांना पन्नास हजार उत्तरे कोणीच मागत नाही. मसुद्यात मध्येच नवे कलम आले तर ३० दिवस पहिल्यापासून मोजायचे. मुदतीची सुरुवात राज्यभाषांतले भाषांतर उपलब्ध होईल त्या दिवसापासून. सल्लामसलत वगळायची असेल तर कारण विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात, म्हणजे खासदारांच्या हातात पडणाऱ्या कागदात. आणि हे सारे पत्राने नाही, कायद्याने.

तोवर नागरिकाच्या हातात काय आहे? सूचना पाठवताना भावना कमी आणि पर्यायी मजकूर जास्त असावा : कलम क्रमांक, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द, दोन ओळी कारण. ‘हा कायदा जुलमी आहे’ याला उत्तर देता येत नाही आणि मंत्रालय ते देणारही नाही. ‘कलम अमुकमधील “आवश्यक वाटल्यास” ऐवजी “लेखी कारणे नोंदवून” असे करावे’ याला होय किंवा नाही म्हणावेच लागते. पाठवलेल्याची पोच जपून ठेवावी.

मुदत संपून दोन-तीन महिने झाले की केंद्राच्या ऑनलाइन खिडकीवर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्ज ५०० शब्दांच्या आत हवा. ‘माझी सूचना का मानली नाही?’ असे विचारू नये. जन माहिती अधिकारी नोंदीत असलेलीच माहिती देतो, ‘का’चे उत्तर तयार करून देणे त्याचे काम नाही, असे सांगून अर्ज निकाली निघतो. त्याऐवजी चार गोष्टी मागाव्यात : ५ फेब्रुवारी २०१४ च्या पत्राप्रमाणे केलेल्या सूचनांच्या सारांशाची प्रत, सूचनांच्या छाननीच्या नस्तीतील (फाइलमधील) टिपण्या, सल्लामसलत वगळली असल्यास त्याची नोंदलेली कारणे, आणि कलम २(ञ) खाली मूळ नस्तीची पाहणी. पाहणी मागण्याचे कारण व्यवहारी आहे. प्रती मागितल्या तर पानाला दोन रुपयांप्रमाणे हजारो पानांचे बिल पुढे येते. पाहणीचा पहिला तास मोफत आणि पुढे तासाला पाच रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. ‘विश्वस्त नाते’ असे कारण देऊन नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील करावे आणि त्यात विचारावे, की हे नाते कोणत्या कायद्याने, कोणाच्या हितासाठी आणि निवेदन देणाऱ्यांपैकी कोणाच्या विनंतीवरून निर्माण झाले. नकार समर्थनीय असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे अधिकाऱ्यावर आहे, अर्जदारावर नाही. हे कलम अपिलात क्रमांकासह लिहावे.

कळावे,
आपला,
विधिविधान प्रक्रियेचा एक अभ्यासक,
पुणे